एकच बोट मोकळं

“…म्हणजे सख्ख्या बहिणीवरसुद्धा नाही? मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर? तुम्हीच सांगा, अप्पा.”

“मी कुठं म्हटलं नाही म्हणून?” अप्पा म्हणाले. “तूच विचारलंस, तूच उत्तर दिलंस. मी लसूण सोलतोय.”

आणि खरंच ते लसूण सोलत होते. मठाच्या ओट्यावर मांडी घालून, पुढ्यात सूप घेऊन.

हे बसलिंगअप्पा म्हणजे एके काळचे बार्शीच्या बाजारातले चिंचेचे मोठे अडते. पुढं गाळा पुतण्यांच्या हवाली केला आणि गावाबाहेरच्या या लहानशा मठात येऊन राहिले. मठाचं स्वयंपाकघर बघायचे. गुरू म्हणवून घ्यायचे नाहीत. पण अडलेला व्यापारी घरी सांगायचा त्याच्या आधी इथं येऊन सांगायचा.

गाळ्यावर असताना गिऱ्हाईक विचारायचं, “माल चांगला आहे ना, अप्पा?” तर म्हणायचे, “मी विकणारा. मी चांगलाच म्हणणार. तुम्हाला जीभ आहे की नाही?” निम्मी गिऱ्हाइकं रागावून उठायची. आणि दुसऱ्या दिवशी तीच परत यायची.

समोर बसलेला मन्मथ कोरे त्याच गाळ्यावर तयार झालेला. पोत्याला दाभण कसं मारायचं इथपासून पार्टीशी गोड बोलून भाव कसा पाडायचा इथपर्यंत सगळं अप्पांच्या हाताखाली शिकला. आता त्याचा स्वतःचा धंदा होता. स्वतःचा म्हणजे, वडिलांनी दोन्ही लेकरांच्या नावावर ठेवलेला. मन्मथ आणि त्याची थोरली बहीण, गौराक्का.

धंदा साधा. झाडांची चिंच विकत घ्यायची, खेड्यातल्या बायकांकडून फोडून घ्यायची, गर काढून बाजारात पाठवायचा. फोडायची केंद्रं दोन. एक उंबरीला, ते गौराक्का बघायची. दुसरं वाणेवाडीला, तिथं दिगंबर नावाचा पगारी माणूस. मन्मथ बसायचा शहरात, कॉम्प्युटरपुढं.

आणि आज तो उंबरीला निघाला होता. पिशवीत नवं कोरं कुलूप होतं. गौराक्काच्या केंद्राचं कुलूप बदलायचं आणि उद्यापासून तिथंही दिगंबरला बसवायचं, असं ठरवूनच निघाला होता. वाटेत अप्पांच्या पाया पडावं, एवढंच.

पण पाया पडून झालं आणि पाय काही निघेना.

“काय केलं गौरानं?” अप्पांनी विचारलं.

“पासवर्ड मागते.”

“कशाचा?”

“शीटचा.”

अप्पांनी पाकळी सुपात टाकली. “म्हणजे काय, ते दाखव.”

मन्मथला तेवढंच हवं होतं. आता शिकलेल्या माणसानं स्वतः शिकलेली गोष्ट दाखवायची म्हटलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. त्यानं लॅपटॉप काढला, धोतराच्या घडीसारखा हळूच उघडला आणि ओट्यावर ठेवला.

एक्सेलचं शीट. वर दुकानाचं नाव, नावाशेजारी नंदीचं चित्र.

“कुठला क्लास नाही, काही नाही, अप्पा. व्हिडिओ बघून बघून केलं. हे बघा, वर जो बटणांचा पट्टा असतो ना, तो सगळा उडवला. उजवं क्लिक बंद. नवी ओळ घालता येत नाही, जुनी पुसता येत नाही. माझी तीनच बटणं ठेवली. भरा, जतन करा, बंद करा. करड्या चौकटींना कुलूप. पिवळ्या तेवढ्या उघड्या.”

“पिवळ्यात काय वाटेल ते भरता येतं?”

“छे! इथंच तर गंमत आहे.” मन्मथ पुढं सरकला. “शंभर किलो चिंच फोडली की गर किती पडतो? बावन्न ते छप्पन्न. आपला बाजारचा अंदाज. त्याच्या आतला आकडा असेल तरच घेतं. बाहेरचा टाकला की… बघा.”

त्यानं चाळीस टाकले. टुण्ण वाजलं आणि लाल पाटी आली.

चूक आहे. पुन्हा वजन करा.

अप्पा वाकले. पाटी वाचली. परत एकदा वाचली.

“हे कोण बोलतंय?”

“शीट.”

“शब्द कुणाचे?”

“…माझेच.”

“बरं.”

अप्पा पुन्हा लसणाकडं वळले.

मन्मथला वाटलं होतं, म्हातारा शाबास म्हणेल. निदान मान तरी हलवेल. तो काही बोलणार एवढ्यात त्याचा फोन वाजला. गौराक्का.

“ठेव की चालू, मोठ्यानं,” अप्पा म्हणाले. “मलाही ऐकू दे तिचा आवाज. लई दिवस झाले.”

मन्मथनं स्पीकर लावला.

“अरे मनू, तुझं ते डबडं पुन्हा लाल झालं बघ!” मागून बायकांचा हसण्याचा आवाज आला. “मी म्हणते एकोणपन्नास, ते म्हणतंय पुन्हा वजन करा. काटा लाजला आता माझ्यापुढं. यंदाची चिंच बारीक आहे रे. कुठनं बसवू बावन्न? मी काय माझ्या अंगातला गर काढून घालू?”

“अक्का, शीटला हात लावू नकोस.”

“हात लावूनच देत नाही की ते! सासूपेक्षा कडक आहे. सांग, काय करू? टाकू का चोपन्न? म्हणजे गप तरी बसंल. बायका दुपारच्या भाकरीला घरला जायच्या खोळंबल्यात.”

“काही टाकू नकोस. मी येतोय.”

“तू येतोस? खरंच? अगं बाई… ये ये. जेवायलाच ये मग. शेंगोळे करते.”

फोन बंद झाला.

मन्मथ फोनकडं बघत राहिला. मग अप्पांकडं न बघता म्हणाला, “ऐकलंत? किती गोड बोलते.”

“पहिल्यापासून बोलते.”

“नाही, अप्पा. पहिल्यापासून नाही.” त्याचा आवाज खाली आला, जणू ओट्याखाली कुणी ऐकत बसलं होतं. “सारखा तिचाच आकडा कमी येतो. गर जातो कुठं? मागच्या दारानं? दाजींनी नवी मोटरसायकल घेतली. कशाच्या जिवावर? आणि आता पासवर्ड मागते. आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला गुपचूप फोन करून विचारत होती म्हणे, ही लाल पाटी कशी काढायची. गुपचूप का? मला विचारायचं.”

“तुला विचारलं नव्हतं?”

“…विचारलं होतं. आधी.”

“मग?”

“मी म्हटलं, पुन्हा वजन कर.”

अप्पांनी सुपातली साल फुंकून उडवली.

“आणि दिगंबर?”

“दिगंबरचं विचारूच नका!” मन्मथचा चेहरा उजळला. “एकदा फोन नाही. एकदा तक्रार नाही. संध्याकाळ झाली की शीट भरून तयार. चोपन्न, त्रेपन्न, पंचावन्न.”

“त्याला लाल पाटी कधी आली?”

“कधीच नाही.”

“…कधीच?”

“कधीच.”

अप्पांनी लसूण बाजूला ठेवला. पहिल्यांदाच नीट मन्मथकडं पाहिलं.

“वाणेवाडीच्या झाडांची बैठक झाली होती काय रे? सगळ्यांनी मिळून ठरवलं, की यंदा काही झालं तरी बावन्नच्या खाली यायचं नाही?”

मन्मथ हसला. मग हसू आपोआप मावळलं.

चिंच काय, एका झाडाची दुसऱ्या झाडासारखी नसते. माळावरची वेगळी, ओढ्याकाठची वेगळी. एकाच झाडाची उन्हाकडची फांदी वेगळी. हे मन्मथला शिकवलं होतं ते याच माणसानं, एकेका गाडीत हात घालायला लावून.

“म्हणजे… दिगंबरसुद्धा?”

“मी कुठं म्हटलं?”

“तुमच्या म्हणण्याचा अर्थ तोच झाला.”

“माझ्या म्हणण्याचा अर्थ लावू नकोस. तू आधीच पुष्कळ अर्थ लावलेत.”

मन्मथच्या डोक्यात आता दोन चोर फिरू लागले होते. संशयाचं असंच असतं. एकाला बसायला पाट मांडला की चौघं येऊन बसतात. सकाळी निघताना त्याला एका माणसाचं कुलूप बदलायचं होतं. आता एक कुलूप पुरणार नव्हतं.

बाजारात एक जुनी गोष्ट सांगतात. एका शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याला वाटलं, हमाल खिसे भरून दाणे नेतात. त्यानं काय करावं? शिंपी बोलावला आणि सगळ्या हमालांच्या सदऱ्यांचे खिसे शिवून टाकले. त्या दिवसापासून खिशातून एक दाणा गेला नाही. व्यापारी खूश. वर्षभर लोकांना बोलावून बोलावून शिवलेले खिसे दाखवायचा. माल जात होता तो पोत्यानं, मागं उभ्या असलेल्या गाडीत. पण पोत्यांकडं बघतो कोण? सगळं लक्ष खिशांवर.

ही गोष्ट मन्मथलाही ठाऊक होती. पण स्वतःवर बेतली की ठाऊक असलेली गोष्ट आठवत नाही.

“मग मर्यादा आणखी आवळतो,” तो म्हणाला. “दोघांच्याही. कॅमेरे बसवतो. काट्यालाच वायर जोडतो, आकडा थेट शीटमध्ये. हाताचं कामच नको.”

“हात दे,” अप्पा म्हणाले.

“काय?”

“हात पुढं कर.”

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं.

मन्मथला खूण लगेच पटली. पूर्वी सौदा असाच व्हायचा. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून सांगायचं. हत्ता म्हणायचे त्याला. सरकारनं बंद केला, पण अप्पांच्या बोटांतून काही गेला नव्हता.

“मी विचारतो, तू बोटानं सांग,” अप्पा म्हणाले. “तोंडानं नाही.”

“विचारा.”

उपरण्याखाली अप्पांच्या मुठीनं मन्मथची बोटं आवळली. अंगठा, मधलं, शेवटची दोन. सगळी. पहिलं बोट तेवढं मोकळं.

“तुझ्या आईला लेकरं किती?”

मन्मथनं दुसरं बोट उघडायला पाहिलं. उघडेना. त्यानं जोर लावला. म्हातारा हमालांबरोबर पोती उचललेला. मूठ म्हणजे लोखंड.

“सांग की.”

“अप्पा, बोट…”

“तोंडानं नाही म्हटलं ना.”

मन्मथनं पुन्हा ओढून पाहिलं. मनगट दुखलं. शेवटी, सुटका व्हावी म्हणून, त्यानं ते एक मोकळं बोट अप्पांच्या तळव्यावर दाबलं.

अप्पांनी लगेच मूठ सैल केली. अगदी समाधानानं.

“एक,” ते म्हणाले. “एकुलता एक. बरं झालं, बरोब्बर बसलं.”

“बरोब्बर काय, अप्पा! बोटं तुम्ही धरून ठेवलीत!”

“मी? मी तर तुझी चूक होऊ नये म्हणून धरली.”

…

उपरणं अजून त्याच्या हातावर होतं. मन्मथनं ते काढलं नाही.

मठाच्या मागं कुणीतरी बादली विहिरीत सोडली, तिचा आवाज आला.

“मी खोटं बोललो नाही,” मन्मथ म्हणाला.

“नाही बोललास.”

“दुसरं काही सांगताच येत नव्हतं.”

“नव्हतं.”

“…म्हणजे अक्का खरी आहे.”

“ते मला काय ठाऊक?” अप्पा म्हणाले. “ती चोर असेल. नसेल. एकोणपन्नास खरे असतील, नसतील. मी कुठं उंबरीला असतो? तू म्हणालास विश्वास कुणावर ठेवू. मी बघतोय, तू कळायची वाटच कुठं ठेवलीस.”

मन्मथनं उपरण्याची घडी केली. उलगडली. पुन्हा केली.

त्याला पटत होतं. आणि पटत होतं म्हणूनच तो जास्त हट्टाला आला. हे व्यापाऱ्याच्या जातीलाच जमतं. सौदा तुटायची वेळ आली की तो शेवटचा पैसा अडवून धरतो.

“ठीक आहे. मर्यादा काढतो,” तो म्हणाला. “बावन्न-छप्पन्न काढून टाकतो. जो असेल तो आकडा भरा. पण पासवर्ड देणार नाही. ते नाही जमायचं.”

“का?”

“पासवर्ड दिला तर तिला सगळंच दिसेल.”

अप्पांचा सुपाकडं गेलेला हात थांबला.

“दिसेल?” ते म्हणाले. “मला वाटलं, बदलेल म्हणून भीती.”

“तेच… तेच म्हणायचं होतं.”

“काय दिसेल रे, मन्मथ?”

“काही नाही.”

“दाखव.”

“अप्पा, ते हिशोबाचं आहे, तुम्हाला उगीच…”

“चिंचेचा हिशोब मला कळत नाही?”

त्यांनी स्वतःच लॅपटॉप आपल्याकडं वळवला. बोटानं एकेक रकाना वाचत गेले. बोट लसणाचं, पडद्यावर डाग पडत गेला. मन्मथला तो पुसावासा वाटला, पण हिंमत झाली नाही.

“चिंच आली,” अप्पा म्हणाले. “गर निघाला. टरफल निघालं. शिरा निघाल्या…”

बोट थांबलं.

“तुमच्या चिंचेला चिंचोके नसतात होय?”

मन्मथनं उपरण्याची घडी मोडली.

चिंचोके असतात. चिंच फोडली की सुपानं निघतात. भुकटी करणाऱ्या गिरण्या रांग लावून घेऊन जातात, आणि जाणता व्यापारी गराच्या नफ्यापेक्षा चिंचोक्याच्या नफ्यावर जास्त हसतो.

“रकाना आहे,” तो म्हणाला. “लपवलाय.”

“कुणाला दिसतो?”

“मला.”

“गौराला?”

“…नाही.”

“धंदा दोघांचा ना? वडिलांनी लिहून दिलेला?”

“आहे. गराचा वाटा तिला बरोबर पोचतो, अप्पा. एक पैसा इकडचा तिकडं नाही. तुम्ही विचारा तिला.”

“मी तिला नाही विचारत.”

“चिंचोक्यांचं… तिनं कधी काढलंच नाही. तिला वाटतं, जळणाला जातात. मी तरी कशाला काढू? गिऱ्हाईक मी शोधलं, गाड्या मी लावल्या.” तो बोलत गेला, आणि बोलता बोलता त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. तसाच खालच्या पट्टीतला. तसाच ओट्याखाली कुणी ऐकतंय असा. “आणि तिला कळलं असतं तर दाजी मध्ये पडले असते. तुम्हाला माहीत नाहीत दाजी. आज चिंचोके, उद्या…”

तो थांबला.

अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मन्मथला भांडता आलं असतं.

त्यांनी लॅपटॉप हळूच त्याच्याकडं सरकवला. पडद्यावर लाल पाटी अजून तशीच होती. मघाशी टाकलेले चाळीस कुणी पुसलेच नव्हते.

चूक आहे. पुन्हा वजन करा.

मन्मथनं झाकण मिटलं.

पिशवीतलं कुलूप त्याच्या मांडीला टोचत होतं. त्यानं ते बाहेर काढलं, हातात वजन केल्यासारखं धरलं. निघताना केवढं हलकं वाटलं होतं.

“अप्पा.”

“हं.”

“समजा सगळं उघडं केलं. करडं, पिवळं, लपवलेलं. तिच्यापुढं बसून केलं. आणि मग तीच खोटी निघाली तर? मागच्या दारानं गर खरंच जात असला तर?”

“निघू दे.”

“आणि दिगंबर?”

“तोही निघेल, निघायचा असला तर.”

“मग मी कुणाचा भरवसा धरायचा? सकाळपासून तेच विचारतोय. तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत.”

अप्पांनी सूप उचललं. गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. आत स्वयंपाकघराकडं निघाले. दारात थबकले, पण वळले नाहीत.

“गौराला आधी चिंचोके सांग. मग तिचा गर मोज,” ते म्हणाले. “आणि मी मागतो एवढं दे, बाबा… हिशोब खरा ठेव. लोकांचा नंतर बघू. तुझा.”